उघडे शस्त्र, झाकलेले शस्त्र आणि परवान्याचा कागद : गुहागरच्या किनाऱ्यावरून एक धागा

१/
एक माणूस, एक बंदूक आणि परवाना नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्यानुसार ती बंदूक त्याच्या घरात सरळ सापडली तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तीच बंदूक सरकारी माणसाला कळू नये अशा बेताने दडवलेली निघाली, तर सात वर्षांपर्यंत. मग गुन्हा शस्त्र बाळगण्याचा की ते लपवण्याचा? या प्रश्नाचा माग गुहागर तालुका आणि त्याच्या आसपासच्या मुलुखातून काढता येतो. हा धागा त्याविषयी.

२/
आधी भूगोल. गुहागर हा रत्नागिरी जिल्ह्यातला समुद्रकाठचा तालुका. उत्तरेला वाशिष्ठीच्या मुखाची दाभोळची खाडी, तिच्या पलीकडे दापोली. दक्षिणेला शास्त्री नदीची जयगडची खाडी. किनाऱ्याला नारळी-पोफळीच्या बागा, आत डोंगरउतारावर आंबा-काजू आणि भात-नाचणीची शेते, त्यांना लागून रान. दाभोळच्या खाडीच्या तोंडावर, अंजनवेलला, गोपाळगड उभा आहे.

३/
या किल्ल्यावर विजापूरकर, शिवाजी महाराज, सिद्दी अशी सत्ता पालटत गेली. १७४५ मध्ये तो तुळाजी आंग्रे यांनी घेतला आणि त्याला गोपाळगड हे नाव दिले. पुढे तो पेशव्यांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. त्या साऱ्या काळात कमरेची तलवार ही दाखवण्याची वस्तू होती. कोण कोणाच्या चाकरीत आहे, त्याचा मान किती, हे शस्त्रावरून ओळखू येई. शस्त्र लपवणारा माणूस हा हेर, मारेकरी किंवा चोर समजला जाई.

४/
पेशवाई बुडाली तरी लोकांच्या घरातली शस्त्रे एका दिवसात गेली नाहीत. कंपनी सरकारचे पहिले लक्ष किल्ले, तोफा आणि शिबंदी यांवर होते. खरी धास्ती बसली ती १८५७ मध्ये. त्याच वर्षी शस्त्रांची आयात, निर्मिती, विक्री आणि वापर यांवर बंधने घालणारा मुदतीचा कायदा आला. त्यानंतर १८६० चा कायदा आला. त्यात एखादा प्रदेश निवडून तिथल्या लोकांना निःशस्त्र करण्याची तरतूद होती. संशय प्रदेशागणिक कमी-जास्त होता.

५/
व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत, मार्च १८७८ मध्ये, हा संशय साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला. बंदूक बाळगायला परवाना आणि शस्त्र घेऊन घराबाहेर पडायलाही परवाना. परवान्यात लिहिलेल्या मर्यादेत आणि लिहिलेल्या रीतीनेच शस्त्र घेऊन फिरायचे. तसे नसेल तर पोलिसाने ते जागच्या जागी काढून घ्यावे. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही याच महिन्यातला. तो रिपन यांच्या काळात, १८८२ मध्ये रद्द झाला. शस्त्र कायदा मात्र राहिला.

६/
या कायद्यात सरकारला सूट देण्याचा अधिकार होता आणि नियमांनी ती सूट युरोपीयांना सरसकट दिली. म्हणजे खाडीत बदके मारायला आलेल्या गोऱ्या अंमलदाराच्या खांद्यावरची बंदूक कागदावाचून चाले. त्याच खाडीकाठच्या बागाईतदाराला तीच बंदूक ठेवायला अर्ज करावा लागे. बंदूक एकाच कारखान्यातली असली तरी हात कोणाचा यावर कायदा ठरत होता. वंशावर आधारलेली ही सूट पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या नियमांनी गेली. तोवर चाळीस वर्षे उलटली होती.

७/
आता सुरुवातीचे कोडे. दडवण्याला दुपटीहून अधिक शिक्षा का? उघड्यावरचे शस्त्र मोजता येते, त्याची नोंद करता येते, वेळ आली तर जप्त करता येते. दडवलेल्या शस्त्राचा हिशेब सरकारी वहीत येत नाही आणि मूठभर सैन्याच्या बळावर कोट्यवधींवर राज्य करणाऱ्या सत्तेला त्याच बेहिशेबी शस्त्राची भीती होती. कायद्याच्या विसाव्या कलमात ती भीती शब्दांत उतरलेली आहे. झडतीच्या वेळी शस्त्र लपवण्याचा नुसता प्रयत्नही त्याच कलमाखाली येई.

८/
उघड आणि गुप्त यांतला हा भेद केवळ वसाहतीतला नव्हता. अमेरिकेत केंटकी राज्याने १८१३ मध्येच शस्त्र लपवून बाळगण्यावर बंदी घातली. १८४६ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लपवून बाळगण्यावरची बंदी कायम ठेवली, पण उघडपणे बाळगण्यावरची बंदी घटनाबाह्य ठरवली. सरळ माणूस शस्त्र दाखवतो आणि दगाबाज झाकतो, ही त्या काळाची समजूत. फरक इतकाच की तिथे उघडे शस्त्र हा नागरिकाचा हक्क मानला गेला. इथे ते सरकारच्या मर्जीवर राहिले.

९/
हिंदी माणसाला शस्त्र उघडपणे मिरवण्याचा एक राजमार्ग मात्र होता : सरकारी गणवेश. रत्नागिरी जिल्हा हा मुंबई इलाख्याच्या सैन्याचा भरतीचा मोठा मुलूख. या सैन्यात कोकणातल्या महार समाजाने पिढ्यानपिढ्या चाकरी केली. गुहागरहून खाडी ओलांडली की दापोली, आणि दापोली ही निवृत्त सैनिकांची वस्ती. ज्यांना गावात पाणवठ्यावर मज्जाव होता, त्यांच्या खांद्यावर पलटणीत सरकारी बंदूक होती. ती बंदूक त्यांच्यासाठी रोजगाराइतकीच माणूसपणाची खूण होती.

१०/
१८९० च्या दशकाच्या आरंभी सरकारने ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धान्ताला जवळ केले आणि महारांची सैन्यभरती थांबवली. दापोलीत राहणारे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध १८९४ मध्ये विनंतीपत्र तयार केले. मागणी साधी होती : ज्या हातांनी तुमचे राज्य राखले, त्यांच्यावर अविश्वास का? विनंती तेव्हा फळाला आली नाही. शस्त्राच्या परवान्यासाठी ताटकळणारा शेतकरी आणि गणवेशासाठी ताटकळणारा सैनिक हे एकाच अविश्वासाच्या दारात उभे होते.

११/
याच दशकात गुहागर तालुक्याशी नाते सांगणारे एक घराणे पुण्याच्या इतिहासात आले. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे चापेकर बंधू चिंचवडचे म्हणून प्रसिद्ध आहेत. घराणे मूळचे वेळणेश्वर परिसरातले. दामोदर यांना तरुणपणी सैन्यात शिरण्याची ओढ होती. ती पुरी झाली नाही. गणवेशाचा मार्ग बंद, परवाना मिळण्याची शक्यता नाही. उरला तो तिसरा मार्ग, सात वर्षांच्या शिक्षेचा.

१२/
२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रात्र. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमांमुळे लोकांच्या रोषाचा विषय झालेला अधिकारी रँड गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यातून परतत होता. चापेकरांजवळ तलवारी, कुऱ्हाड आणि पिस्तुले होती. तलवार-कुऱ्हाड घेऊन बग्गीमागे धावणे अवघड, म्हणून ती त्यांनी वाटेतल्या दगडी मोरीखाली ठेवली. पिस्तुले अंगावर राहिली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. जखमी रँड ३ जुलैला मरण पावला.

१३/
त्या रात्रीचा हा तपशील शस्त्रांच्या इतिहासात मोलाचा आहे. मिरवण्याची जुनी हत्यारे मोरीखाली राहिली आणि कपड्याखाली मावणारे नवे हत्यार कामाला आले. तलवारीच्या पिढीकडून पिस्तुलाच्या पिढीकडे झालेला बदल एका रस्त्यावर दिसतो. १८९८ आणि १८९९ मध्ये तिघा भावांना आणि त्यांचे सहकारी महादेव रानडे यांना फाशी झाली. दामोदर यांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त मागे राहिले.

१४/
बारा वर्षांनी हेच चित्र आणखी गडद झाले. १९०९ मध्ये विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली. ‘इंडिया हाऊस’मधील आचारी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून ती आली. त्यांपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन मारला गेला. गोळी झाडणारा तरुण अनंत कान्हेरे हा रत्नागिरी जिल्ह्यातल्याच खेड तालुक्यातील आयनीचा. १९ एप्रिल १९१० रोजी त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

१५/
हिशेब मांडला तर कायद्याचे अपयश उघड दिसते. पेटीला चोरकप्पा करणाऱ्याला कचेरीत अर्ज करायचा नव्हता, की पोलिसाच्या अहवालाची वाट पाहायची नव्हती. कायद्याची सारी कचकच वाट्याला आली ती कायदा पाळणाऱ्याच्या. कोकणात असा माणूस म्हणजे रानाच्या कडेला शेत असलेला शेतकरी. बंडाच्या भयाने घडवलेल्या कायद्याच्या चौकटीतून त्याला रानडुक्कर हाकलायचे होते.

१६/
त्याचे हत्यार म्हणजे ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर चिंधी, मग छर्रे, आणि गजाने ठासायचे. एक बार झाला की पुन्हा सगळे पहिल्यापासून. रात्री माळ्यावर बसून राखण करणाऱ्याला बहुतेक वेळा आवाजच पुरतो. ही बंदूक लपवता येत नाही, कारण ती माणसाच्या छातीइतकी लांब असते. लपवून हिचा उपयोगही नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही बंदूक आणि चोरकप्प्यातले पिस्तूल दोन्ही ‘अग्निशस्त्र’च.

१७/
या अन्यायाची तक्रार जुनी आहे. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच शस्त्र कायदा शिथिल करण्याची मागणी केली. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही जानेवारी १९३० मध्ये सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत, लोकांच्या नियंत्रणाखाली स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत, ही एक मागणी होती. १९३१ च्या कराची ठरावाने तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत गणला.

१८/
मग हा हक्क राज्यघटनेत का नाही? डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य हरि विष्णु कामत यांनी तशी दुरुस्ती सुचवली. उत्तर दिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, ज्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. हक्क मूलभूत केला तर तो गुन्हेगारांनाही मागता येईल, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. दुरुस्ती नामंजूर झाली. ज्या समाजाच्या हातातली बंदूक १८९० च्या दशकात काढून घेतली गेली, त्याच समाजाच्या सुभेदाराच्या मुलाने हा निर्णय मांडला. परवाना राहिला. तो देताना भेद करू नये, हे काम पुढच्या कायद्याकडे आले.

१९/
तो कायदा १९५९ चा. जुना कायदा राष्ट्राला निःशस्त्र करण्यासाठी होता, हे त्याच्या उद्देशातच मान्य केले आहे. तेराव्या कलमात शेतकऱ्यासाठी एक महत्त्वाचा शब्द आला. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर अपात्रतेचे कारण नसताना परवाना ‘दिला जाईल’. ‘देता येईल’ असे तिथे नाही. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कोणालाही नकार देता येणार नाही, हेही चौदाव्या कलमात आले. मर्जीची जागा हक्काने घेतली, निदान कागदावर.

२०/
पण कागद हलावा लागतो. अर्ज रत्नागिरीला जिल्हाधिकाऱ्यांकडे, चौकशी गावाजवळच्या पोलीस ठाण्याकडे, आणि अहवाल येईपर्यंत निर्णय थांबलेला. हा थांबा इतका नित्याचा झाला की १९८३ मध्ये संसदेला कायदाच बदलावा लागला : ठरलेल्या मुदतीत पोलिसांचा अहवाल आला नाही, तर त्याची वाट न पाहता परवाना अधिकाऱ्याला आदेश देता येईल. २०१६ च्या नियमांनी त्या अहवालाला तीस दिवसांची मुदत घातली. तरी अधिकाऱ्याने अहवालाविना आदेश ‘देता येईल’, ‘द्यावाच लागेल’ असे नाही. नियमाची मुदत आणि शेताची मुदत यांत एक अंतर उरते. भात पोटरीला येऊन कापणीला जाईपर्यंतच राखणीचे दिवस असतात. त्यानंतर मिळालेला परवाना त्या हंगामापुरता निरुपयोगी.

२१/
मुळातल्या भेदाचे काय झाले? इथे इतिहासाने गंमतशीर वळण घेतले. १८७८ चे ‘गुप्त उल्लंघन’ १९५९ च्या कायद्यातही सव्विसाव्या कलमात जिवंत आहे, आणि शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत. पण २०१६ च्या नियमांनी परवानाधारकावर उलट कर्तव्य टाकले : सार्वजनिक जागी बंदूक म्यानात किंवा खोळीत, पूर्ण झाकलेली असावी. ती परजणे, मिरवणे, वरातीत हवेत बार काढणे निषिद्ध. सरकारपासून दडवणे हा गुन्हा, आणि लोकांच्या नजरेपासून झाकणे हा नियम.

२२/
या उलथापालथीमागे समाजाचा बदल आहे. कमरेची तलवार पाहून पूर्वी माणसाचा मान कळे. आज बाजारपेठेत उघडी बंदूक दिसली तर मान कळत नाही, धाक बसतो. दहशत बसवायला गोळी झाडावी लागत नाही, नळी दिसली तरी पुरे. म्हणून नोंद सरकारच्या वहीत आणि नळी खोळीत, अशी आजची वाटणी झाली आहे. अमेरिकेत मात्र हा वाद अजून तापलेला आहे. न्यू यॉर्क राज्याच्या परवाना पद्धतीतली ‘योग्य कारण’ दाखवण्याची अट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द ठरवली.

२३/
कोकणातल्या परवानाधारकाला आणखी एक फेरा चुकत नाही : निवडणूक. आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघत. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. बंदूक ठाण्यात आणि डुक्कर शेतात. २००९ मध्ये गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की असे आदेश सरसकट काढता येणार नाहीत. प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार छाननी समितीने करावा. सरसकट संशयाऐवजी माणसागणिक विचार, ही १८७८ पासूनच्या तक्रारीला मिळालेली मोठी दाद होती.

२४/
बंदूक हाती आली तरी सगळे मोकळे होत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर पिकात शिरलेल्या रानडुकराला मारायचे तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते. म्हणजे हत्याराचा कागद एका कचेरीत, सावजाचा दुसरीत. यात रानाचे रक्षण आहे, तसे शेतकऱ्याचे हेलपाटेही आहेत. दोन्ही खरे आहेत. एकाची बाजू घेताना दुसरे विसरले की इतिहास अर्धाच सांगितला जातो.

२५/
दोनशे वर्षांत गुहागरच्या किनाऱ्याने तीन प्रकारची शस्त्रे पाहिली. गोपाळगडाच्या तटावरची उघडी तोफ, इथून मूळ सांगणाऱ्या तरुणांच्या कपड्याखालचे पिस्तूल, आणि शेतमाळ्यावरची ठासणीची बंदूक. पहिली इतिहासजमा झाली. दुसरीला कोणताही परवाना अडवू शकला नाही. तिसरी तेवढी आजही खोळीत घालून, कागद सोबत घेऊन, नूतनीकरणासाठी कचेरीची पायरी चढते. शस्त्र कायदा किती न्याय्य आहे हे पाहायचे असेल, तर तो कागद किती दिवसांत हातात पडतो, हे आधी मोजावे.

(धागा समाप्त)